बंक बेडच्या फोटोत पंखा का नसतो?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत छोट्या फ्लॅटमधली मुलांची खोली कशी सजवायची यावर अख्खं पान आलं होतं. फोटो मस्त होते, प्रश्नच नाही. पांढराशुभ्र बंक बेड, म्हणजे एकावर एक असे दोन पलंग, वर चांदण्यांच्या लाइटची माळ, खाली उशा नि टेडी, एकाला तर घसरगुंडी पण. आमच्या धाकट्याने ते पान कापून फ्रिजवर लावलंय आणि शेजारच्या वहिनींनी मला त्याचाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून विचारलं की तुमच्याकडे आहे ना असा, आम्ही पण घेऊ का? त्यांना उत्तर टाइप करायला बसले ते एवढं लांबलं की म्हटलं हे तुम्हालाच पाठवावं.

त्या पानावर पाच फोटो होते आणि पाचांतल्या एकाही खोलीत छताला पंखा नव्हता. तुम्ही म्हणाल ही काय तक्रार झाली. सांगते.

आम्ही डोंबिवलीला राहतो, टू बीएचके, त्यातली एक खोली सासूबाईंची आणि आमची हॉलमध्ये सोय, म्हणजे मुलांना जी खोली मिळाली ती दहा बाय दहा. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाचचा. दोन सिंगल बेड टाकले तर कपाट उघडत नाही आणि अभ्यासाचं टेबल ठेवायला जागा राहत नाही, मग बंक बेड हाच उपाय असं सगळ्यांचंच मत पडलं. सासूबाई एकट्या म्हणाल्या की आमच्या चाळीत पोटमाळ्यावर चार पोरं झोपायची, कोणी पडलं नाही, त्यात काय एवढं. (नंतर कळलं की मामेसासरे पडले होते, पण ते सांगायची पद्धत नव्हती.) दोन शोरूम हिंडलो, एका ठिकाणी पसंत पडला, बत्तीस हजाराला घेतला, घरी माणसं येऊन जोडून गेली, मुलं दोन दिवस जेवायला पण खाली उतरायला तयार नव्हती.

आणि मे महिन्यात, सुट्टीला नणंदेची मुलं आलेली असताना, दुपारी यांचा रेल्वेचा खेळ चालला होता. वरचा बेड म्हणजे अप्पर बर्थ, धाकटा टीसी. थोरलीने वर बसल्या बसल्या तिकीट दाखवायला हात उंच केला आणि पंख्याचं पातं बोटांवर बसलं. तीन टाके, एक नख काळं पडून गेलं. डॉक्टर म्हणाले डोकं नव्हतं हे नशीब समजा. मी त्या रात्री टेप घेऊन स्टुलावर चढले, जे मी खरं तर शोरूमला जायच्या आधी करायला हवं होतं.

आमचं छत लादीपासून नऊ फूट दोन इंच. आजकालच्या बिल्डिंगमध्ये साधारण एवढंच असतं, बांधकामाच्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहत्या खोलीला कमीत कमी पावणेतीन मीटर म्हणजे नऊ फूट सांगितलंय आणि बिल्डर त्याच्यावर फार काही देत नाही. पंखा दांड्यासकट एक फूट खाली येतो, म्हणजे पाती आठ फूट दोन इंचावर. आता बेड. वरच्या फळ्या चार फूट आठ इंचावर, त्यावर सहा इंची गादी, म्हणजे पोरगी बसते तीच पाच फूट दोन इंचावर. तिने बसून हात वर केला तर आणखी सव्वातीन फूट. बेरीज करा, हात पात्यांच्याही वर जातो. गुडघ्यावर उभी राहिली तर डोकं बरोब्बर पात्याच्या लेव्हलला. आणि तुम्ही म्हणाल पंखा तर खोलीच्या मधोमध असतो, बेड भिंतीला, तर तेही मोजलं. दहा फुटी खोलीत मध्य पाच फुटावर. आपला नेहमीचा पंखा अठ्ठेचाळीस इंची, म्हणजे मध्यापासून दोन फूट पातं. पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटावर येतं आणि बेड चौकटीसकट सव्वातीन फूट रुंद. तीन इंच पातं बेडच्या वर फिरतंय. एवढी साधी वजाबाकी ना आम्ही केली, ना त्या सेल्समनने, ना जोडायला आलेल्या माणसांनी, ज्यांनी बेड त्या पंख्याखाली उभं राहून जोडला!

परत गंमत अशी की पंखा सगळ्यात जास्त लागतो तो वर झोपणाऱ्यालाच. गरम हवा वर चढते, मे महिन्यात वरच्या बेडवर अक्षरशः भट्टी असते, त्यामुळे थोरली रोज पंखा पाचवर करायची आणि खाली धाकटा पांघरूण घेऊन कुडकुडायचा.

मी शोरूमला फोन केला. उत्तर काय, मॅडम, पंखा तुमचा, आम्ही कसं बघणार. बरोबरच आहे म्हणा. पण मग कॅटलॉगमध्ये लिहा ना की वरच्या गादीपासून छतापर्यंत इतकी जागा पाहिजे आणि पंखा इतका लांब पाहिजे. शेवटी आम्ही छताचा पंखा काढून समोरच्या भिंतीवर, मुलांचा हात पोचणार नाही असा, जाळीचा पंखा लावला. इलेक्ट्रिशियनने नवीन पॉइंट काढून दिला, सगळं मिळून साडेतीन हजार गेले. वहिनी, तुम्हाला सांगायचं झालं तर आधी हे साडेतीन हजार बजेटमध्ये धरा, मग बेडचे बघा.

एकदा टेप हातात आला तसं बाकीचं पण मोजत गेले आणि रात्री बसून नेटवर शोधत गेले. पंख्यापेक्षा कमी दिसणारी पण जास्त वाईट गोष्ट म्हणजे कठड्याच्या फटी. आपल्याला वाटतं पोरगं कठड्यावरून पडेल. पण लहान मूल झोपेत सरकत सरकत पायाकडून फटीत जातं, अंग निसटतं आणि डोकं अडकतं. म्हणून अमेरिकेत २००० सालापासून बंक बेडला सक्तीचे नियम आहेत, त्यात वरच्या कठड्यात साडेतीन इंचापेक्षा मोठी फट चालत नाही आणि कठडा भिंतीकडून सुद्धा लागतो, तोही अखंड. आपल्याकडे भिंतीकडे कठडा कशाला म्हणून सुतार सर्रास सोडून देतात, पैसे वाचतात, आणि बेड भिंतीला घट्ट कधीच बसत नाही कारण खाली स्कर्टिंगची लादी असते, वर स्विचबोर्ड असतो. ती जी चार-पाच इंचाची पोकळी राहते ना, तीच धोक्याची. आमच्या बेडला भिंतीकडे नुसती एक आडवी पट्टी होती, पट्टी आणि गादी यांच्यात माझी मूठ आरामात जायची.

दुसरं, गादी. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. कठड्याची उंची फळीपासून मोजायची नाही, गादीच्या वरून मोजायची. अमेरिकेच्या नियमात गादीच्या वर किमान पाच इंच कठडा हवा, युरोप आणि ऑस्ट्रेलियाच्या मानकात सोळा सेंटिमीटर म्हणजे सव्वासहा इंच. शोरूममध्ये बेडवर चार इंची गादी टाकलेली असते, कठडा छान उंच दिसतो. घरी आपण काय करतो, मुलांच्या पाठीला मऊ लागावं म्हणून सहा इंची घेतो, त्यावर सासूबाईंची गोधडी, हिवाळ्यात रजई. आमच्या बेडला कठडा फळीपासून दहा इंच होता, राहिला किती, तीन साडेतीन इंच! म्हणजे ताटाच्या काठाएवढा. आम्ही वरची गादी बदलून चार इंची घट्ट फोमची टाकली. मुलांना मऊमऊ गादी तशीही लागत नाही, आपणच आपल्या कंबरेवरून ठरवतो. ज्यांना कापसाचीच हवी त्यांनी खालच्या बेडवर घालावी, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी वर चढवणं आणि उन्हाला काढणं हा वेगळाच व्यायाम आहे.

तिसरं वय. अमेरिकेत वरच्या बेडवर सहा वर्षांखालचं मूल नको असा इशारा बेडवरच चिकटवलेला असतो, ऑस्ट्रेलियात तर नऊ सांगतात. आपल्याकडे सेल्समन म्हणाला, तीन वर्षांचं पण झोपतं मॅडम, कठडा आहे ना. झोपतं हो, पण रात्री दोनला शू लागली की उतरतं कसं ते बघायला कोण जागं असतं. आमचा धाकटा वर झोपत नाही पण दिवसा चढतोच, तुम्ही कितीही ओरडा. शिडी काढून ठेवली तर खालच्या बेडच्या कडेवर पाय देऊन माकडासारखा जातो. म्हणून मी तर म्हणेन घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडे बघून बेड घ्या, वर कोण झोपणार त्याच्याकडे बघून नाही.

शिडीबद्दल एवढंच की गोल पाइपच्या उभ्या शिडीपेक्षा तिरकी आणि चपट्या रुंद पायऱ्यांची चांगली, कारण आपली मुलं अनवाणी असतात आणि बाथरूममधून ओले पाय घेऊन थेट चढतात. आणि शिडीला, कठड्याला ओढणी, दोरी, झोका काहीही बांधू देऊ नका, घर-घर खेळताना मुलं हमखास बांधतात आणि गळ्याला फास बसायला क्षण पुरतो. बेड खिडकीला लावू नका हेही आलंच, खिडकीचं ग्रिल खालून बघताना उंच वाटतं, वरच्या बेडवरून ते मुलाच्या कमरेशी येतं.

लाकडी का लोखंडी यावर घरोघरी महाभारत होतं पण मला विचाराल तर जोड बघा. लोखंडी पाइपचा बेड वेल्डिंग नीट असेल तर उत्तम, नाहीतर महिन्याभरात कुरकुरायला लागतो आणि वरच्याने कूस बदलली की खालचा जागा होतो. प्लायचा असेल तर सुतार नुसते खिळे मारतोय का नट-बोल्ट टाकतोय ते उभं राहून बघा. आणि जोडल्यावर वर मोठ्या माणसाने बसून हलवून बघायला लाजू नका. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे पाना घेऊन सगळे बोल्ट आवळतात, दर वेळी एक तरी ढिला निघतोच.

खालच्या बेडचं दुःख मात्र कोणी लिहीत नाही. तिथे मूल बसू शकतं, आई नाही. गोष्ट सांगायला बसले आणि उठले की टेंगूळ, हे माझं वर्षभर चाललंय. वरची चादर खोचणं म्हणजे तर शिक्षा, शिडीवर उभं राहून एका हाताने. मच्छरदाणी लावायची कशी हे अजून कोडंच आहे, आणि मुलीला ताप आला की मी तिला खाली आणते, धाकट्याला आमच्यात घेते आणि वरचा बेड रिकामा पडून असतो. ज्यांची दोन्ही मुलं लहान आहेत त्यांनी खरं तर खालून ड्रॉवरसारखा ओढून काढायचा जो बेड मिळतो तो घ्यावा, दिसायला फोटोसारखा नाही पण पडायला उंचीच नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली बंक बेडसाठी वेगळं मानक काढलंय, आयएस १७६३६, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने फर्निचरसाठी जी क्वालिटी कंट्रोल ऑर्डर, म्हणजे मानक सक्तीचं करणारा आदेश, काढली त्यात बंक बेडही आहेत. मी हा नंबर कागदावर लिहून घेऊन परत त्या शोरूमला गेले, मुद्दाम. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम, आयएसआय कुकरला असतो. हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं कारण तो खोटं बोलत नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि आपल्याकडे निम्मे बेड तर घरी मिस्त्री बोलावून, मोबाइलवर फोटो दाखवून करून घेतात, तिथे मार्क कोण लावणार? तो मिस्त्री बिचारा तुम्ही दाखवलेल्या फोटोसारखाच बनवणार. फोटो कुठला, तर तुमच्या पुरवणीतला.

म्हणून विनंती आहे की त्या पानाच्या पुढच्या भागात चार मापं तरी छापा, छताची उंची, पंख्याचं अंतर, गादीच्या वर कठडा किती आणि फट किती. सुतारकाम करणारे लोक तुमचा पेपर वाचतात, आमचा मिस्त्री तर त्यातली शब्दकोडी सोडवतो. दुकानदारांनी बेडच्या आतल्या बाजूला एक रेघ मारावी, गादी इथपर्यंतच, एवढी छोटी गोष्ट आहे. आणि पुढच्या वेळी बंक बेडचा फोटो छापाल तेव्हा जरा छत दिसेल असा छापा.

वहिनींना मी तूर्तास एवढंच कळवलंय की थांबा, संध्याकाळी टेप घेऊन येते.

कळावे,
आपली वाचक,
दोन मुलांची आई, डोंबिवली (पूर्व)