ऊन असेल तर सोळा

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, रात्री साडेदहा

ती. बाबा आणि आई,

नमस्कार.

बाबा, हे पत्र तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवणार, हे धरूनच लिहितेय. मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळलं की तिला कळतं, आवाज बदलतो तुमचा.

बुधवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "आता आमचा सल्ला कशाला लागतोय, तुझं मित्रमंडळ आहे की." हसून म्हणालात आणि लगेच फोन आईकडं दिलात. आईनं विचारलं, "काय खायलीस?" मी म्हणाले, वरणफळं. ते खोटं होतं. त्या दिवशी चहा-बिस्किटावरच झोपले होते. चार दिवस झाले, तुमचं वाक्य डोक्यातून जात नाही. फोनवर बोलायला घेतलं की आपण दोघंही पाऊसपाण्यावर येतो, म्हणून लिहायला बसले.

आपली मारुती ८०० मी विकली. काकानं तुम्हाला सांगितलंय हे मला ठाऊक आहे, पण माझ्याकडून कळायला हवं होतं. कागदावर गाडी माझ्या नावावर होती, आणि ती कोणाची होती हे आपल्या तिघांनाही माहीत आहे. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात. तुम्ही म्हणाला असतात, "तुझी गाडी, तू बघ," आणि मग मी ती आणखी पाच वर्षं ओढली असती.

२००४ ची गाडी. १५ वर्षांनी एकदा नोंदणी वाढवून घेतली, ती मुदतही संपली. पुन्हा पासिंगला नेली तेव्हा पायाखालचा रबरी मॅट उचलला, तर खालून रस्ता दिसला. खरंच, बाबा. पाणी मॅटखाली साचून साचून पत्रा गळाला होता. दर रविवारी तुम्ही बादलीनं आतूनसुद्धा धुवायचात ना, त्याचा प्रसाद. (रागावू नका. मीच मग्गा घेऊन उभी असायचे.) पण पत्रा म्हणजे काही कारण नाही, पत्रा लावून मिळतो. कारण आईचा गुडघा आहे. दिवाळीत ती गाडीतून उतरताना दाराला धरून तीनदा उठायला गेली आणि चौथ्यांदा उठली. तुम्ही कुलूप लावत होता, तुम्ही पाहिलं नाही. मी पाहिलं.

घेणाऱ्यानं भंगारात नाही नेली. फुलंब्रीकडचा पोरगा आहे, त्याला ती जशीच्या तशी उभी करायचीय, पांढऱ्या रंगासकट. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पुस्तकावर त्याचं नाव चढलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आणि मगच झोपले. तुळजाभवानीची कीचेन काढून घेतली. आईचा सीटवरचा टॉवेल धुऊन ठेवलाय.

आता नवी. म्हणजे जुनीच, पण आपल्याला नवी. वॅगनआर आहे, ऑटोमॅटिक. उंच आहे. सीट अशी आहे की आईनं आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे, उतरताना आधी पाय बाहेर. वाकायला नको, खाली धपकन बसणंही नको. मी माझ्या शेजारच्या आजींना बसवून उतरवून पाहिलं. त्यांना वाटलं मी फिरायला नेतेय, तर मी त्यांना दारातच पाच वेळा चढवलं-उतरवलं. मग नाइलाजानं पाणचक्कीपर्यंत चक्कर मारून आणावं लागलं.

मंडळाबद्दल थोडं ऐकून घ्या, म्हणजे त्यांच्यावरचा राग जाईल. आम्ही पाचजण आहोत. रविवारी पहाटे निघतो, थंडीत बहुतेक वेळा नाथसागराला. पैठणच्या धरणामागं पाणी उतरलं की उथळ चिखलात रोहित पक्षी येतात, ते बघायला. परतीच्या वाटेवर चहा होतो, आणि खरं काम त्या चहावर चालतं. एकजण परभणीकर, तो स्वयंपाकातला. एक उदगीरची, तुमच्या ओळखीचं गाव म्हणून सांगते, तिला गाड्यांतलं कळतं, आणि असं कळतं की गॅरेजवाले तिच्याशी जपून बोलतात. एकजण लेन्सवाला, कॅमेऱ्यातलं त्याला कळतं. उरलेला एकजण फक्त ऐकतो आणि बिल देतो, त्याला आम्ही फार जपतो.

वॅगनआर बघायला उदगीरकरीण सोबत होती. मीटरकडं तिनं पाहिलंच नाही. ब्रेकच्या पॅडलवरचं रबर पाहिलं, स्टिअरिंगची झिजलेली जागा पाहिली, म्हणाली, आकडा फिरवता येतो, रबर कोण फिरवणार? मग टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मागचे दोन टायर सहा वर्षांचे निघाले, नक्षी अजून शाबूत होती तरी. तेवढे पैसे तिनं किमतीतून तोडून घेतले. बाबा, तुम्ही कडब्याच्या पेंढ्या घेताना मधली पेंढी ओढून बघायचात, ते मला आठवलं. तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग तुझ्या बाबांनाच आणायचं होतंस." मी गप्प बसले.

ही ऑटोमॅटिक साधीच आहे. गिअर तेच, क्लचही तोच, फक्त दाबायचं काम मशीन करतं. म्हणून गिअर बदलताना थोडी डुलते. त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल केला की डुलत नाही. चढावर थांबली तर ब्रेक सोडताना मागं सरकते, तिथं हँडब्रेक. मांजरसुंब्याच्या घाटात मी हे करून पाहिलंय. तुमचा डावा खांदा आता गिअरला लावायचा नाही, एवढंच मला हवं होतं. दिव्यांचंही ऐका. मला १०० वॅटचे बल्ब टाकायचे होते, रात्रीच्या केजच्या रस्त्यासाठी. उदगीरकरीण म्हणाली, होल्डर वितळेल आणि समोरचा शिव्या देईल. कंपनीचे ६०/५५ वॅटचेच ठेवले, फक्त जाड वायर आणि बॅटरीतून थेट वीज देणारा रिले टाकून घेतला. त्याच बल्बचा उजेड उघडून आला. आता तुम्ही विचाराल, पैसे कुठून. तीन वर्षांचं छोटं कर्ज आहे आणि उरलेले लेन्सचे पैसे. त्यावर खाली येते.

आई, आता तुझं. मी जेवते. बुधवार सोडून रोज जेवते. परभणीकरानं माझ्या भाकरीचं निदान केलं, थापताना कडा फाटायच्या ना, म्हणाला, तुझ्या पिठाची विरी गेलीय, महिनाभराचं दळण आणतेस काय? आता आठवड्याला दोन किलोच दळून आणते, पाणी उकळतं घालते, आणि भाकरी फुगते. तुझ्यासारखी नाही फुगत, पण फुगते. लाईट जाते म्हणून इंडक्शनवर विसंबत नाही, गॅस आहे, दुसरं सिलिंडर भरून ठेवलंय. सकाळी सुशीला किंवा धपाटे. करडईचं तेल लातूरच्या घाण्याचं, तू दिलेलं, अजून अर्धा डबा आहे. अंबाडी मिळाली की आणते. पांघरूण जाड आहे. खिडकीला जाळी बसवली. पाण्याचं पिंप झाकलेलं असतं.

आणि एक सांगायचं राहिलं. मंडळात मी तुझं येसर दिलं. डबाभर नेलं आणि चहाच्या टपरीवाल्याच्या शेगडीवर आमटी केली. परभणीकर म्हणाला, आमच्याकडं गहू कमी भाजतात, हा रंग कसा आला? मी म्हणाले, आई सांगते, गहू तडतडायचा थांबला की आणखी गायत्री मंत्र म्हणायचा आणि मग उतरवायचं. तो लिहून घेत होता! पण किती वेळा म्हणायचा ते मला सांगता येईना. तू कधी सांगितलंच नाहीस, तू नुसतं पुटपुटायचीस आणि मी कट्ट्यावर बसून पाय हलवायचे. एकदा सांग. नीट आकडा सांग.

बाबा, आता पुढचं. इथं जरा थांबून चष्मा पुसा.

पक्ष्यांसाठी मला लांबचं टिपणारी १५०-६०० ची लेन्स घ्यायची होती. दोन वर्षं पैसे साठवत होते. लेन्सवाल्यानंच मोडता घातला. म्हणाला, दोन किलोचं धूड घेऊन तू महिन्यातून दोन सकाळी जाणार, आणि तुझी आई रोज गुडघा धरून उठणार. लांबची लेन्स लागेल तेव्हा माझी ने. तुझ्या घरी जुनी काही नाही का, हाताळायला? मी बोलून गेले, बाबांचा झेनिट कॅमेरा आहे पेटीत. तो चहा ठेवून उठलाच. म्हणाला, त्यावर हेलिओस लेन्स असणार, ५८ मिलिमीटरची, बेचाळीसच्या आट्याची. एक साधी रिंग मिळते, ती मध्ये लावली की तुझ्या कॅमेऱ्याला बसेल.

दिवाळीत तुम्ही दुपारी झोपला होता तेव्हा मी पेटी उघडली. आईला माहीत होतं. तिच्यावर चिडू नका, तिनं फक्त किल्ली कुठंय ते सांगितलं.

९३ च्या सप्टेंबरातल्या त्या भूकंपानंतर तुम्ही पेटीला हात लावला नाहीत, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी आठ वर्षांची होते. तुम्ही किल्लारीहून चौथ्या दिवशी आलात, अंगणात आंघोळ केलीत, आणि कॅमेरा आईच्या लग्नातल्या शालूच्या खाली ठेवलात. तो अजून तिथंच होता. मी फक्त लेन्स फिरवून काढली. कॅमेरा उघडला नाही. आत रोल आहे, काटा २३ वर आहे. लेन्सच्या जागी झाकण बसवून, काळ्या कापडात गुंडाळून, होता तसा शालूखाली ठेवला. त्या रोलवर आदल्या संध्याकाळच्या विसर्जनाचे फोटो आहेत की नंतरचे, हे मी विचारणार नाही. कुणाला धुवायलाही देणार नाही. ते तुमचं.

लेन्सच्या काचेवर आतून बुरशी होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेला. लेन्सवाल्याच्या माणसानं खोलून पुसून दिली. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या निळ्या दाण्यांबरोबर असते. दाणे गुलाबी झाले की ओल धरली समजायचं आणि भाजून पुन्हा निळे करायचे. (आई, स्वयंपाकाच्या कढईत नाही भाजत. वेगळी आहे.) मी आधी तांदळात ठेवणार होते, तर लेन्सवाला ओरडलाच, पीठ जातं म्हणून.

ती आपोआप काहीच करत नाही. फोकस हातानं, छिद्र हातानं. पहिल्या रविवारी माझे सगळे फोटो पांढरेफटक आले, मंडळ हसलं. मग मी डोळे मिटले आणि तुमचा आवाज ऐकला. गच्चीवर, मला स्टुलावर उभं करून तुम्ही म्हणायचात, ऊन लख्ख असेल तर छिद्राचा आकडा सोळा, हलकं ढग आलं तर अकरा, आभाळ भरलं तर आठ, आणि वेग फिल्मच्या आकड्याएवढा. १०० ची फिल्म तर सव्वाशे, म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग. मला पाढा वाटायचा तो. मी सोळावर लेन्स फिरवली, सव्वाशेचा वेग लावला, आणि समोरच्या वाळूवर बसलेल्या, मासे धरणाऱ्या कोळ्याचा फोटो काढला. सुरकुतीन् सुरकुती आली. लेन्सवाला मोजणी यंत्रावर विसंबणारा माणूस आहे. त्यानं विचारलं, हे कुठं शिकलीस? आता आमच्यातला प्रत्येकजण म्हणतो, "ऊन असेल तर सोळा." उदगीरकरीण तर चहात साखर किती म्हटलं तरी तेच म्हणते.

सल्ला कशाला लागतोय म्हणालात ना. तिथं तुमचाच चालतो, बाबा. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं एवढंच. सांगायचं तर पेटीचं सांगावं लागलं असतं.

लेन्स परत हवी असेल तर येळवशीच्या अमावास्येला शेतात जाऊ तेव्हा सोबत आणते, पुन्हा जागेवर बसवते, आणि विषय संपला. मनात काही न ठेवता सांगा. नको म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

येळवशीला मी आदल्या रात्री येतेय, एसटीनं नाही, गाडीनं. तोवर काही गोष्टी आत्ताच करायच्या आहेत. बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळंच. माळ्यावर चढायचं नाही, शेतातल्या पांडवांच्या कोपीसाठीचा कडबा गडी बांधेल, तुम्ही खाली उभं राहून चुका काढा. बाथरूममध्ये मी आणलेली रबरी चटई गुंडाळून ठेवलीय म्हणे, ती अंथरा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवून गुडघा बरा होत नाही. भज्जीच्या शेंगा सोलायला शेजारच्या पोरींना बोलव, सगळं एकटीनं करू नकोस. आंबिल मात्र तूच कर. मी केली तर पांडवही तोंड वाकडं करतील.

शेतापर्यंतची शेवटची गाडीवाट दगडांची आहे, पण गाडी उंच असल्यानं जाईल. बांधापासून मी तुम्हाला चालवायला देणार आहे. गिअर शोधायला हात जाईल तुमचा, जाऊ द्या. आई पुढं बसेल, मी मागं.

आणि बाबा, त्या दिवशी आईचा एक फोटो काढायचाय, कोपीच्या दाराशी, हातात बाजरीचा उंडा घेऊन. ती उन्हात उभी राहील, पण कोपीची सावली अर्ध्या तोंडावर पडेल. अशा वेळी सोळा धरायचं की आठ, हे मला कुणालाच विचारायचं नाहीये. बुधवारी फोन करते, तेव्हा सांगा. आणि फोन लगेच आईकडं देऊ नका.

तुमची,
बबडी

ता. क. आई, गायत्री मंत्राचा आकडा.