आक्का, पिल्लांची जात दाखवलीत त्याबद्दल

आक्का,

सप्रेम नमस्कार.

लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं किंवा गावात आलेल्या पाटीवाल्याकडनं पिल्लं घेतली, की ती डालग्यात घालून आधी तुमच्या दारात न्यायची, असा आमच्याकडं परसात कोंबड्या पाळणाऱ्यांचा रिवाज पडला आहे. तुम्ही पिल्लू उलटं धरता, पायाचा तळवा बघता, चोच उघडता आणि मगच बोलता. त्या नजरेसाठी हे जाहीर आभार. ती इतरांनाही मिळावी म्हणून इथं थोडं सविस्तर.

रंग शेवटी बघायचा, हा तुमचा पहिला धडा. लव जाऊन पिसं येतात, ती झडून दुसरी येतात, आणि खरा रंग पाचव्या महिन्याच्या आसपास बसतो. तुऱ्याची घडण मात्र पहिल्या दिवसापासून तीच राहते. चोचीच्या मुळाशी मोबाईलची बॅटरी मारली आणि एकच बारीक दातेरी रेघ दिसली, तर एकेरी तुरा. तीन बुटक्या रांगा शेजारी शेजारी दिसल्या, तर वाटाणी. एकेरी तुऱ्याचं पिल्लू कुणी 'शुद्ध असील' (झुंजीची जात, तिचा तुरा वाटाणी) म्हणून देत असेल, तर डालगं उचलून चालू लागावं. उलट वाटाणी तुरा दिसला म्हणून लगेच असीलही म्हणायचं नाही. असील कोंबडा गावठी तलंगेला (तरुण कोंबडीला) लागला तरी तो तुरा पिल्लांत उतरतो. लांब मान, उंच पाय, ताठ अंग हे तीन महिन्यांनी बघूनच शिक्का मारायचा.

सगळ्यात जास्त फसगत काळ्या पिल्लांत. 2019 साली कडकनाथ या काळ्या जातीच्या नावावर सांगली-कोल्हापूरकडं पैसे गुंतवलेल्यांची कशी फसवणूक झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, त्याला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण काळं पिल्लू ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्पचंही असतं. त्याच्या पोटावर आणि पंखांच्या टोकांवर पिवळट पांढरी लव असते, तळवा फिका असतो, पंख वर करून काखेत फुंकर मारली की कातडी गोरी दिसते. कडकनाथची कातडी, नखं आणि तोंडाची आतली बाजूही काळसर.

यातली खरी गोम तुम्ही दाखवलीत. कडकनाथ कोंबडा पिवळ्या पायांच्या ऱ्होड आयलंड रेड कोंबडीवर सोडला, तर त्यांच्या तलंगा काळ्या कातडीच्या निघतात आणि नर फिके. कातडीचा काळेपणा दाबणारं जनुक लिंगाशी जोडलेलं असतं आणि आई ते फक्त नर पिल्लांना देते, म्हणून असं होतं. तेव्हा विकणाऱ्यानं नुसत्या काळ्या तलंगा पुढं केल्या, तर त्याच उबवणीतले नर दाखव म्हणायचं. इथं बरेच जण गप्प होतात.

तांबड्या पिल्लांचं त्या मानानं सोपं. ऱ्होड आयलंड रेडच्या पिल्लाची लव सलग तांबूस. पाठीवर गडद पट्टे आणि डोळ्यामागं रेघ असेल, तर ते बहुतेक गावठी रक्त. पायाचा पिवळेपणा मात्र जपून बघायचा. तो रंग खाद्यातनं येतो, त्यामुळं तांदळाच्या कणी-कोंड्यावर वाढलेलं पिल्लू फिकं दिसतं. महिनाभर मका आणि लसूणघास द्यायचा, मग बोलायचं. आणि ती गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं? बहुतेक अंड्यांच्या जातीचे टाकाऊ नर. दोन-तीन आठवड्यांत खालची पांढरी पिसं वर येतात. ना अंडी, ना अंगावर मांस.

लांबच्यांकडनं तुम्ही फोटो मागता, त्याच्या अटीही लक्षात ठेवण्याजोग्या: पिल्लाच्या उंचीवर बसून एका बाजूनं एक, तुऱ्याचा समोरून एक, पाय पांढऱ्या कागदावर ठेवून एक, पंख उचलून कातडीचा एक. सगळे दिवसाच्या सावलीतल्या उजेडात, कारण पिवळ्या बल्बखाली गोरा पायही पिवळा दिसतो. सोबत वय दिवसांत. 'लहान आहे' हे वय नव्हे.

जात कशाला ओळखायची, असं विचारणाऱ्यांनाही तुमचं उत्तर रोखठोक. पिल्लं उबवून घ्यायची असतील, तर खुडूक बसणारी गावठी हवी. अंड्यांसाठी पाळतात ती लेगहॉर्न जात सहसा बसत नाही. बेंगळुरूची गिरिराजा, हैदराबादची वनराजा या मुळातच संकरित, त्यामुळं त्यांची अंडी खुडकीखाली ठेवून तशीच पिल्लं मागू नयेत. रंग, वजन, अंडी सगळं विस्कटतं. दर वेळी पिल्लं उबवणी केंद्रातनंच आणायची.

आणि एका गोष्टीसाठी विशेष आभार. निम्म्या वेळा तुम्ही 'मिसळ आहे' एवढंच सांगता, उगाच भारदस्त नाव चिकटवत नाही. कोल्हापुरात मिसळ म्हटल्यावर कुणी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, तरी काहींची तोंडं पडतात. त्यांनाही तुम्ही नवी पिल्लं तीन आठवडे जुन्यांपासनं वेगळ्या खुराड्यात ठेवायला सांगूनच वाटेला लावता.

तुमचे,
परसातले कोंबडीवाले, कोल्हापूर