मोठीमाय, तुझे आभार चारचौघांत

मोठीमाय,

तुला अक्षर येत नाही, म्हणून हे पत्र तुझी नात तुला मोबाइलवरून वाचून दाखवेल. पण लिहिते आहे सगळ्यांनी वाचावं म्हणून. तू करणी करतेस असं तुझ्याबद्दल गावात जे बोललं गेलं ते चावडीवर, चारचौघांत बोललं गेलं. मग तुझे आभारही चारचौघांतच मानले पाहिजेत.

मी तुझ्या ओसरीवर पहिल्यांदा बसले ती मंत्र शिकायला. वर्धा नदीच्या काठच्या आपल्या गावात लहानपणापासून ऐकत आले होते की बुढी नजर उतरवते, पाला देते, ग्रहणात नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मंत्र जागवते. तुझ्याकडे एखादी जुनी वही असेल, ती उतरवून घेऊ, असं मनात होतं. वही नव्हतीच. तू निरगुडीची डहाळी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "डोये मिट. वास घे. मंग सांग, हे कुठं लागन."

मी वास घेतला. उग्र, कापरासारखा, नाकातून थेट डोक्यात जाणारा. बोटांनी पान चाचपलं, एका देठाला पाच पानं, खालची बाजू मऊ. का कोण जाणे, माझा हात आपोआप गुडघ्यावर गेला. तू काहीच बोलली नाहीस, फक्त उठून चुलीवर तवा ठेवलास, पानं गरम केलीस आणि शेजारच्या काकूंच्या सुजल्या गुडघ्यावर माझ्याच हातून बांधून घेतलीस.

तुझं शिकवणं असंच होतं. उत्तर तू कधी आधी दिलं नाहीस. गुळवेलीचा तुकडा तोडून दाराच्या खुंटीला टांगलास आणि रोज बघायला लावलंस. ना माती, ना पाणी, तरी तो वाळेना. मग त्यातून दोऱ्यासारखं मूळ खाली सुटलं तेव्हा मी ओरडतच तुझ्याकडे आले होते. त्यानंतर तो वेल काय करतो हे मला कोणी सांगावं लागलं नाही. तरोट्याची पानं तू मला दिवसा खुडायला लावलीस आणि रात्री कंदील घेऊन तीच झुडपं दाखवलीस, पानं जोडीजोडीने मिटलेली. "झाड निजलं का त्याले हात लावू नये," एवढंच म्हणालीस. अर्जुनाची साल काढताना खोडाची एकच बाजू, तीही अरुंद पट्टी, कारण सगळ्या बाजूंनी सोललं की झाड मरतं. कोयता टेकवण्याआधी तू खोडाला हात लावून त्याची परवानगी घ्यायचीस. आता मीही घेते.

बिब्याचं मात्र तू मला लवकर हाती लागू दिलं नाहीस. टाचेच्या भेगेत सुईच्या टोकाने बिब्याचं तेल भरताना मी किती जणींच्या वेळी शेजारी बसले, पण सुई तुझ्याच हातात. एकदा एक बाई आली, भेगा अगदी उघड दिसत होत्या, आणि तू तिचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिलास आणि म्हणालीस, "हिच्या अंगाले बिबा चालनार नाई." नंतर तिनेच सांगितलं की लहानपणी बिबा उतून तिचं सगळं तोंड सुजलं होतं. तुला कसं कळलं, हे मी विचारलं तर म्हणालीस, कातडी पाहिली. त्या दिवसापासून मी माणसाकडे आधी बघते आणि औषधाकडे मग.

मंत्राचं विचारते विचारते म्हणून अखेर तू मला ग्रहणात नदीवर नेलंस. पाण्यात उभं केलंस. तुझे ओठ हलत होते, मला ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, मोठे बोल ना. तर म्हणालीस, "हे माह्या सासूचे बोल हायेत. तुह्ये तू पाय. फक्त कोनाचं वाईट मनात नको आनू." मी बराच वेळ गप्प उभी राहिले. मग जे आलं ते आजीच्या तोंडच्या अंगाईतलं होतं, आणि आजही कुणाच्या लेकरावरून मीठ-मोहऱ्या ओवाळते तेव्हा तेच येतं. पुस्तकं वाचून, लोकांचं ऐकून शिकणाऱ्यांना हे पटणार नाही कदाचित. मला पटलं आहे. आतून जे सुचतं त्याच्यावर भरवसा ठेवायचा, पण आधी डोळे, नाक, बोटं कामाला लावून तो भरवसा कमवायचा, हे मला तुझ्याशिवाय कुणी शिकवलं नसतं.

आणि त्या श्रावणातल्या पहाटेबद्दल तर मी जन्मभर तुझी ऋणी आहे. अजून उजाडलं नव्हतं. एक आई आपल्या पोट्ट्याला खांद्यावर घेऊन आली. रात्रीपासून पोट दुखतंय, उलटी झाली, नजर लागली, उतरव म्हणाली. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही. मीही मिरच्या आणायला उठले होते. तू बॅटरी त्याच्या तोंडावर धरलीस आणि म्हणालीस, वर पाय. त्याने बघायचा प्रयत्न केला, पण पापण्या वर जाईनात. बोलला तो नाकातून, जड. तू आईला एकच विचारलंस, रात्री निजला कुठं? खाली, वाकळ टाकून. "नजर नाई हे. मन्यार हाये. 108 ले फोन लाव."

आई रडत होती, हट्ट करत होती. तू तिच्याशी वाद घातला नाहीस. पोराला कुशीवर निजवलंस, हलू दिलं नाहीस, कुठे कापू दिलं नाहीस, दोरी बांधू दिली नाहीस. गाडी येईपर्यंत मीठ-मोहऱ्याही ओवाळल्यास, त्या माउलीचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून. पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला समजावलं ते असं: मण्यार सापाचे दात इतके बारीक की बहुतेकदा चावल्याची खूण दिसत नाही, ती जागा दुखतही नाही, विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप अडवतं, आधी पापण्या पडतात, मग श्वास. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, पण ती वेळेत मिळाली पाहिजे. पोरगं मशीनच्या श्वासावर राहिलं आणि घरी आलं. आता सायकल चालवतं.

एवढं करूनही कुणाच्या गोठ्यातलं वासरू मेलं की बोट तुझ्याकडे. हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. तू त्याबद्दल एकदाही तोंडातून शब्द काढला नाहीस, म्हणून मी काढते आहे. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करत बसणं हा त्यात गुन्हा आहे. आणि एखादी बाई करणी करते असं सांगत तिला छळणं, हाही तितकाच गुन्हा आहे. 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत कैद आहे. मी तुला हे वाचून दाखवलं तेव्हा तू भिंतीवरच्या गाडगेबाबांच्या फोटोकडे बघून म्हणालीस, "पयलं मले आधीच ठाऊक होतं. दुसरं त्यांले वाचून दाखव." तर हे घ्या, वाचून दाखवलं. ज्यांनी तुझं नाव घेतलं, त्यांच्यातल्या किती जणांच्या लेकरांच्या खोकल्यावर तुझा अडुळसा चालला आहे, हे तुलाही माहीत आहे आणि त्यांनाही.

मी आता सासरच्या गावी हेच करते. परसात निरगुडी, अडुळसा, तुळस, कुंपणाच्या कडुनिंबावर गुळवेल. एक पैसा घेत नाही, तुझ्यासारखंच. कावीळ, ताप चढता असेल, बाळंतीण असेल तर माझ्या हातचं काही नाही, आधी सरकारी दवाखाना. आशाताईंचा नंबर चुलीजवळच्या भिंतीवर खडूने लिहिला आहे. काही बाया हसतात, काही येऊन बसतात. एक मुलगी तर रोज येते, आणि मी तिला अजून काही सांगितलेलं नाही, फक्त पानं हातात देते.

पोळ्याला मी येते आहे. पोळ्यानंतरच्या पाडव्याच्या पहाटे दारातल्या पळसाच्या डहाळ्या, म्हणजे मेढ्या, घेऊन पोरं इडापिडा गावाबाहेर घालवायला "घेऊन जा गे मारबत" ओरडत शिवेकडे निघतात तेव्हा मला तुझ्यासोबत दारात उभं राहायचं आहे. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे हे तुझ्या नातीनेही पाहिलं आहे. नाही म्हणू नकोस. आधार कार्ड आणि पिवळं रेशन कार्ड काढून ठेवजो.

तुझी,
खालच्या आळीतली पोरगी