वरची जमीन राहू द्या, कोळसा खालून काढा : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

साहेब, कराडजवळ माझी छोटी फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना आहे. "उद्योगाची वीज जाणार नाही" हा शब्द तुमच्याच व्यासपीठावरून मिळाला, टाळ्या आम्हीच वाजवल्या. गेल्या आठवड्यात ऐन मेल्टिंगमध्ये वीज गेली. इंडक्शन भट्टीत लोखंड गोठलं की नुसता माल जात नाही, भट्टीचं आतलं अस्तर, लायनिंगही फोडून काढावं लागतं. कामगार बसून, मजुरी अंगावर, गिऱ्हाइकाच्या शिव्या वर. फोन केला तर उत्तर मिळालं : "वरूनच कोळसा कमी आहे."

हे ऐकवता कुणाला? आमचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. राज्याला १,९६० मेगावॅट मिळाले. आजोबांच्या पर्यायी जमिनीचा सातबारा नावावर होईपर्यंत वडील म्हातारे झाले. कित्येकांचा अजून झालेला नाही. त्यात कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेचं विजेसाठी पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधलेलं. म्हणजे कोयना संध्याकाळच्या गर्दीपुरती, बाकी संसार कोळशावर.

आमच्या काळ्या पाषाणाखाली कोळसा नाही, तो विदर्भात आहे. म्हणून मागणी अशी की तिथे औष्णिक, म्हणजे वीज करायच्या कोळशाची नवी भूमिगत खाण काढा. "भूमिगत" हा शब्द मुद्दाम लिहिलाय. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभर टंचाई झाली, त्यात पावसाचा मोठा हात होता : उघड्या खाणींत पाणी भरलं, उपसा थांबला. खोल बोगद्यातलं काम पावसाने इतकं अडत नाही. वरची माती-मुरूम उपसून डोंगर रचावे लागत नाहीत, शेतं आणि जंगल बऱ्याच अंशी वाचतं. ताडोबाच्या शेजारी हे काही थोडंथोडकं नाही. वरची जमीन खचू शकते, मान्य. मग पोकळीत वाळू नाहीतर राख भरा. आपल्या कोळशात ३०-४० टक्के राखच असते, तिला तोटा नाही. शिवाय खाली उतरणाऱ्या कुशल माणसाला वर्षानुवर्षं काम मिळतं. आमच्यासारखं आणखी एक गाव उठवू नका, एवढंच माझं म्हणणं.

महाग पडते म्हणता? पडणारच. कोल इंडियाच्या शंभर टनांत भूमिगत खाणींचे जेमतेम तीन-चार टन. पण केंद्राने २०२५ मध्ये अशा खाणींतून सरकारला द्यायचा किमान महसुली वाटा ४ टक्क्यांवरून २ वर आणला, आगाऊ रक्कमही माफ केली. महाराष्ट्राने काय केलं? आपल्या महाजेनकोची, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीची खाण छत्तीसगडच्या गारे पाल्मात, आणि चंद्रपूरच्या बरांजचा कोळसा कर्नाटकाच्या वीज कंपनीला. असलं वाटप करणाऱ्या डोक्याला दंडवत! मंत्रालयात दिवा गेला तर जनरेटर लागतो. आमच्याकडे गेला तर चौकशी समिती नेमतात, ती चहा पिऊन जाते. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला जेवढी वर्षं लागतात, तेवढ्यात खाणीचा बोगदा खणून झाला असता.

कळकळीची विनंती, "कोळसा हा केंद्राचा विषय आहे" हे छापील उत्तर पाठवू नका. वर-खाली आपलंच सरकार आहे, असं माइकवरून तुम्हीच सांगत होतात.

आपला,
कराडचा एक फाउंड्रीवाला, कोयना धरणग्रस्त