सगळ्या ऑनलाइन समूहांना एकाच दावणीला बांधू नका : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

इंटरनेटवरच्या समूहांचा विषय सरकारदरबारी निघतो तो बहुतेक वेळा अफवा, द्वेष, फसवणूक आणि मुलांच्या हातातला मोबाइल यांच्या निमित्ताने. ही काळजी रास्तच आहे, आणि त्यासाठी कडक नियमही हवेत. पण त्याच इंटरनेटवर एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचे दुसऱ्या प्रकारचे समूहही आहेत. आपल्या मंत्रालयातले सर्व्हर, बँकांचे व्यवहार, प्रत्येकाच्या खिशातला फोन हे सगळे त्यांनी घडवलेल्या गोष्टींवर चालते. ऑनलाइन समूहांसाठीच्या नियमांच्या मसुद्यात मात्र ते कुठे दिसत नाहीत, किंवा दिसलेच तर नफा कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या रांगेत उभे केलेले दिसतात. मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे आणि या माणसांच्या कामावर रोज विसंबून असतो, म्हणून हे पत्र.

एक उदाहरण सरकारांशीच संबंधित आहे. लेबनॉनमध्ये दर उन्हाळ्यासाठी घड्याळे तासभर पुढे करतात. मार्च २०२३ मध्ये तिथल्या सरकारने घड्याळे पुढे करायला जेमतेम दोन-तीन दिवस उरले असताना जाहीर केले की यंदा उन्हाळी वेळ जवळपास महिनाभर उशिरा सुरू होईल. चर्चने आणि काही वृत्तवाहिन्यांनी हा निर्णय मानायला नकार दिला आणि एकाच देशात दोन वेगवेगळ्या वेळा पाळल्या जाऊ लागल्या. २७ मार्चला सरकारने निर्णय मागे घेतला.

आता प्रश्न असा, की सरकारचा आदेश फोनला कळतो कसा? तो कळतो टाइम झोन डेटाबेसमधून. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेला आणि आता पॉल एगर्ट सांभाळत असलेला हा जगभरच्या वेळांच्या नोंदी असलेल्या साध्या मजकुराच्या फायलींचा संच आहे. संगणक चालवणारी लिनक्स ही प्रणाली, अँड्रॉइड, अ‍ॅपलची उपकरणे, सगळी त्याच्यावर विसंबतात. जगातल्या कुठल्याही देशाने वेळ बदलली की त्या देशातले कोणीतरी कळवते, बाकीचे पडताळतात, वाद घालतात आणि मग नोंद बदलते. लेबनॉनच्या निर्णयानंतर २३ मार्चला नवी आवृत्ती आली आणि २८ मार्चला आधीच्या नोंदीकडे परत नेणारी दुसरी. मधल्या दिवसांत डेटाबेस सांभाळणाऱ्यांत चर्चा चालली होती ती अशी : देशात दोन वेगळ्या वेळा चालू असतील तर खरी कोणती लिहायची, सरकारने सांगितलेली की लोक पाळत आहेत ती?

हे काम करणारे कोणाच्याही हाताखालचे नाहीत. त्यांचे सरकारांना एवढेच सांगणे असते, की बदलाची सूचना वर्षभर आधी मिळाली नाही तर काही घड्याळे चुकणारच. आपल्या कुठल्या विभागाने ही विनंती कधी वाचली आहे का, याची चौकशी जरूर करावी.

याच डेटाबेसची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती थेट कायद्याला भिडते. २०११ मध्ये ज्योतिषाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या अ‍ॅस्ट्रोलेब नावाच्या अमेरिकी कंपनीने जुन्या वेळांच्या नोंदींवर आपला हक्क सांगत ओल्सन आणि एगर्ट या दोघांवर व्यक्तिशः दावा ठोकला. डेटाबेस काही दिवस इंटरनेटवरून उतरवावा लागला. मग इंटरनेटचे पत्ते आणि क्रमांक सांभाळणाऱ्या ‘आयाना’ने तो आपल्याकडे घेतला, आणि पुढच्या वर्षी कंपनीने दावा मागे घेतला. पण तोवर सगळ्या जगाच्या घड्याळांचा भार दोन माणसांच्या खांद्यांवर येऊन टेकला होता. त्यांच्यापैकी एकाने जरी घाबरून हात वर केले असते, तरी त्याला दोष देता आला नसता.

अशा समूहांची कामाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये मतदान होत नाही. सभागृहाचा कल पाहायचा असेल तर उपस्थितांना चक्क हुंकार द्यायला सांगण्याची तिथली परंपरा आहे. हुंकाराचा जोर कुठे आहे ते अध्यक्ष ऐकतो, पण एकाच माणसाचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खरा असेल तर त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ही मानके ज्या टिपणांतून मांडली जातात त्यांतले पहिले स्टीव्ह क्रॉकर यांनी १९६९ मध्ये लिहिले, आणि तेव्हापासून या टिपणांचे नावच ‘अभिप्राय मागवणारे’ असे आहे. हुद्दा, देश, पगार यांपेक्षा चालणारे काम दाखवणाऱ्याच्या शब्दाला वजन, ही सवय तिथून पसरली. हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याने १९९१ मध्ये छंद म्हणून सुरू केलेले लिनक्स आज जगातल्या सगळ्या ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांवर चालते, ते याच सवयीच्या जोरावर. आणि हे फक्त संगणकापुरते राहिले नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा नीट तपशीलवार नकाशाच उपलब्ध नव्हता. ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशाच्या स्वयंसेवकांनी घरी बसून उपग्रह छायाचित्रांवरून रस्ते, कोसळलेल्या इमारती, तंबूंच्या वस्त्या रेखाटल्या, आणि मदत पथकांनी तो नकाशा आपल्या उपकरणांत भरून घेतला.

पण हा विश्वास किती नाजूक आहे तेही आपल्याला माहीत असायला हवे. फायली आक्रसून लहान करणारे एक्सझेड नावाचे सॉफ्टवेअर अनेक वर्षे मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. हे बिनपगारी, छंदाचे काम आहे आणि आपल्याला पूर्वीसारखे जमत नाही, हे त्याने मोकळेपणाने लिहिलेही होते. त्याच सुमारास अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव सुरू झाला : काम रखडते आहे, दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या. जिया टॅन या नावाने वावरणारी व्यक्ती मदतीला उभीच होती. तिने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम केले, विश्वास मिळवला, अधिकार मिळवले, आणि मग जगभरच्या सर्व्हरमध्ये शिरता येईल असा चोरदरवाजा त्यात बसवला. २९ मार्च २०२४ ला तो उघडकीस आला, तोही कुठल्या तपास यंत्रणेमुळे नव्हे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले आणि त्याने खोदून पाहिले. बहुतेक सर्व्हरपर्यंत पोचण्याआधीच हे थांबले, हे आपल्या सर्वांचे नशीब.

या प्रकरणावरून ‘स्वयंसेवकांवर विसंबू नका’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण मला तो साफ चुकीचा वाटतो. चोरदरवाजा सापडला तोच मुळी कोड सर्वांना उघडा होता आणि एका बाहेरच्या माणसाला तो तपासायची मुभा होती म्हणून. घात झाला तो एकट्या, थकलेल्या माणसाला कोणी खरा मदतनीस दिला नाही म्हणून. २०१४ ची हार्टब्लीड नावाची सुरक्षेतली गंभीर चूक आठवावी : ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये निघाली आणि अर्ध्या इंटरनेटची सुरक्षितता ज्याच्यावर होती, त्या ओपनएसएसएलला वर्षाला जेमतेम २,००० डॉलरच्या देणग्या मिळत होत्या.

म्हणून विनंती. ऑनलाइन समूहांसाठीच्या नियमांत, लोकांचे लक्ष विकून नफा मिळवणारे मंच आणि सार्वजनिक उपयोगाची वस्तू फुकट सांभाळणारे समूह यांत स्पष्ट फरक करा. युरोपीय महासंघाच्या, सॉफ्टवेअर आणि उपकरणांच्या सुरक्षिततेसाठीच्या सायबर रेझिलियन्स कायद्याच्या २०२२ च्या मसुद्यात ही रेषा धूसर होती. ओपन सोर्सवाल्यांनी, म्हणजे सर्वांना खुल्या कोडचे सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांनी, जोरदार हरकती घेतल्या आणि २०२४ च्या अंतिम कायद्यात अशा संस्थांसाठी वेगळा, हलका वर्ग आला. तो धडा आयता उपलब्ध आहे, तो घ्यावा.

देखभालीसाठी पैसा द्या, नव्या घोषणांसाठी नव्हे. जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड नेमका यासाठी उभारला. सरकारी यंत्रणा कुठल्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात याची यादी आधी करावी लागेल. ती केलीत तर कुठे एकच माणूस खिंड लढवतो आहे ते आपोआप समोर येईल. आणि आपल्या अभियंत्यांनी दुरुस्त केलेली चूक मूळ प्रकल्पाला परत पाठवणे हा त्यांच्या कामाचाच भाग माना. आज बहुतेक कार्यालयांत त्यासाठी कोणाची परवानगी घ्यायची हेच ठाऊक नसल्यामुळे ती दुरुस्ती तिथेच पडून राहते.

मसुद्यावरच्या सुनावणीला मोठ्या कंपन्या वकिलांची फौज घेऊन येतील. या समूहांना वकील नाही, जनसंपर्क अधिकारी नाही, बऱ्याचदा कार्यालयसुद्धा नाही. त्यांच्या चर्चा मात्र सर्वांसाठी उघड्या असतात. आपल्या अधिकाऱ्यांनी मसुदा घेऊन तिथे जावे, स्वतःच्या नावाने प्रश्न विचारावेत आणि मिळालेली उत्तरे अंतिम मसुद्यासोबत जाहीर करावीत.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सॉफ्टवेअर अभियंता