मंत्रीसाहेब, माझी नसबंदी कधी करता?

माननीय मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

'पुरुषांनो, पुढे या' असा फलक आमच्या बंदरावर लागला होता. मी आलो. आता पुढे?

मी हर्णैचा, बोटीवर खलाशी. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. नसबंदीनंतर काही दिवस जड उचलायचं नाही, म्हणून हेच दिवस धरले. पहिल्या खेपेला सर्जन रजेवर. दुसऱ्या खेपेला शिबिरच रद्द. काल तिसरी खेप. भर पावसात एसटीने दीड तास, आणि दवाखान्याच्या खिडकीवरचे गृहस्थ म्हणतात, "तुम्ही कशाला त्रास घेता? मिसेसना आणा, बुधवारी बायकांचं शिबिर आहे."

मिसेसचं दोनदा सिझर झालंय, साहेब. तांबी बसवली तर अंगावरून इतकं जायचं की रक्त सातावर आलं. गोळ्यांनी डोकं धरतं. अजून किती फाडायचं तिला? माझं काम पंधरा-वीस मिनिटांचं, जागा बधिर करून, टाकासुद्धा नाही.

आई म्हणाली, "बरं झालं, जोर गेला असता. जाळं कोण ओढणार?" तिला समजवायला तुमचं कोण येतं? आणीबाणीत माणसं धरून नेली, आता पायांनी आलेल्याला परत पाठवता. 2019-21 ची तुमचीच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी: जोडप्यांत बायकांची नसबंदी 37.9 टक्के, पुरुषांची 0.3. शंभर बायकांमागे एक अख्खा पुरुषही भरत नाही!

बायकांना तांबी, गोळ्या, 'अंतरा'चं इंजेक्शन, 'छाया'ची गोळी. आम्हाला निरोध, नाहीतर नसबंदी. खरगपूरच्या आयआयटीतल्या सुजय गुहांनी शुक्रवाहिनीत द्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन शोधायला घेतलं तेव्हा माझा जन्मही नव्हता. 303 पुरुषांवर सात वर्षं पाहिलं, 2023 मध्ये निकाल छापला, 99 टक्के यश. मग दवाखान्यात का नाही? पुरुषाच्या औषधाला गिऱ्हाईक नाही म्हणे. बायका आहेतच ना सोसायला! आमच्या शेजारच्या मुरूडच्या कर्व्यांच्या रघुनाथरावांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, शिव्या खाल्ल्या, कोर्टाच्या पायऱ्या चढले. शंभर वर्षांनी आम्ही खिडकीशीच उभे.

सर्जनची तारीख पक्की कळवा, एवढंच मागणं होतं. लिहिता लिहिता वाढलं. नारळी पौर्णिमा झाली की बोट दर्यात जाईल, मग मी पुढच्या जूनलाच मोकळा. तोवर उपकेंद्रातला निरोधचा डबा तरी भरा. महिनाभर रिकामा आहे.

आपला,
हर्णैचा एक खलाशी