राखीव नावही हिवाळ्यातच ठरवा

संपादक महोदय,

जुलै २०२५मध्ये ऋतुराज गायकवाड इंग्लंडमधील यॉर्कशायर या कौंटी (प्रांतिक) संघाकडून खेळणार म्हणून आम्ही पुणेकर डोळे लावून बसलो होतो. पहिला सामना तोंडावर आला आणि वैयक्तिक कारणाने त्याने माघार घेतली. त्यात त्याचा दोष नाही. अशी वेळ कुणावरही येते. यॉर्कशायरला मग त्याच्या जागी पाकिस्तानच्या इमाम-उल-हकला घ्यावे लागले.

कौंटी संघांनी हंगाम नसताना पहिल्या पसंतीइतकाच विचार राखीव नावाचाही करायला हवा. यॉर्कशायरचा १९९२चा अनुभव तेच सांगतो. आधी ठरलेला ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज क्रेग मॅकडरमॉट जायबंदी झाला म्हणून १९ वर्षांचा सचिन तेथे गेला आणि त्याने हजारावर धावा केल्या! २०२२मध्ये ऑस्ट्रेलियाचा ट्रॅव्हिस हेड येणार नाही म्हटल्यावर ससेक्स कौंटीने चेतेश्वर पुजाराला घेतले. आयपीएलच्या लिलावात त्याला कोणी बोली लावली नव्हती, त्यामुळे तो एप्रिलपासून मोकळा होता. ८ सामन्यांत १,०९४ धावा, त्यात तीन द्विशतके.

कौंटी चॅम्पियनशिप एप्रिलमध्ये सुरू होते, तेव्हाच आयपीएलही रंगात असते. आयपीएलचा लिलाव अलीकडे नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच उरकतो. ज्यांना तेथे बोली लागली नाही, पण कसोटीचा अनुभव आहे, अशा फलंदाजांशी कौंटींनी जानेवारीतच बोलून ठेवावे. लाल चेंडूवर, म्हणजे कसोटीसारख्या अनेक दिवसांच्या सामन्यांसाठी, घाम गाळणाऱ्या आपल्या खेळाडूंनाही त्यातून इंग्लंडमध्ये भरपूर सामने मिळतील.

— एक क्रिकेटप्रेमी वाचक, पुणे